मामंजींना गुण आला

धाकट्या भावजींनी वेगळी चूल मांडली, त्या वर्षाची ही गोष्ट. आमची थोरली तेव्हा अंगावर पीत होती. भावजी बायकोला घेऊन शहरात प्लास्टिकच्या दोरांच्या कारखान्यात कामाला गेले आणि आमच्या घरात दोर वळायला माणूस कमी पडलं.

दोर वळणं एकट्याचं काम नाही. एकानं चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, पुंजका गुंडाळायचा आणि बोटांतून थोडा थोडा वाख सोडत उलट्या पावलांनी मागं मागं जायचं. चाकाच्या आकड्याला पहिलं टोक अडकवलेलं असतं. चाक फिरतं तसा वाखाला पीळ बसतो. मागं जाणारा जितका सावकाश जाईल तितका दोर एकसारखा. आमच्या घरामागं ओढ्याच्या काठानं झाडांची रांग होती, तिच्या सावलीत ही वाट होती. कितीतरी वर्षं माणसं उलटी चालून तिची माती फरशीसारखी गुळगुळीत झाली होती.

भावजी होते तोवर तेच मागं चालायचे. ते गेल्यावर मामंजींनी पुन्हा कमरेला पुंजका बांधला. मी चाकावर बसायची. आमच्या ह्यांच्याकडं वाख आणणं, भिजवणं, झोडणं आणि तयार माल पोचवणं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चूल आणि पोर सांभाळायच्या. हंगाम तोंडावर होता. उन्हं कडक होती तोवर वाख कोरडा राहायचा आणि कोरड्या वाखाचाच दोर टिकतो, म्हणून त्या दिवसांत कुणी आजारी पडायचं नाही असा घरचा रिवाज होता.

मामंजींना धाप लागत होती ती आधीपासूनच. मला चाकावरून दिसायचं. अर्ध्या वाटेवर ते थांबायचे, वाख नीट करतोय असं दाखवायचे आणि तोंड उघडून श्वास घ्यायचे. मी चाक हळू करायची. मग ओरडायचे, "सूनबाई, झोप लागली का?"

संध्याकाळी पाय सुजायचे. आत्याबाई बोटानं दाबायच्या तर खळगा पडायचा, आणि तो बराच वेळ तसाच राहायचा.

"अहो, दवाखान्यात चला."

"वय झालं की पाय जड होतातच. पळून जाऊ नये म्हणून."

"तुम्ही कुठं पळताय? तुम्ही तर जन्मभर मागंच चाललात."

असं हसण्यावारी नेत त्यांनी दुखणं अंगावर काढलं. एक दिवस वाटेच्या शेवटाला पोचून ते खाली बसले. बसले म्हणजे घसरलेच. हातातला वाख सुटला आणि सगळा पीळ सरसर उलगडत माझ्या चाकापर्यंत आला. त्यांना गाडीत घालून आम्ही दवाखान्यात नेलं. मी पोर घेऊन बरोबर होते, कारण ती पाजल्याशिवाय राहत नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांचा चहा टेबलावर साय धरून गार पडला होता. माणूस वाईट नव्हता. तरुण होता आणि दमलेला होता. त्यांनी छातीला नळी लावली, पाय दाबले, मागं गर्दीकडं पाहिलं आणि भराभर सांगितलं. काळजाचा पंप थकलाय. त्यामुळं अंगात पाणी साचतं. पांढरी गोळी काळजाची, पिवळी गोळी पाणी काढायची. मीठ कमी. गोळ्या चालू ठेवायच्या. जड काम नको.

"कळलं का बाबा?"

"कळलं."

"काही विचारायचंय?"

"नाही, नाही. आपण सांगितलंत, झालं."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय कळलं?"

मामंजी म्हणाले, "माणूस चांगला आहे. आपल्याला 'बाबा' म्हणाला."

"अहो, पण आजार काय?"

"काळजाचा पीळ सुटलाय थोडा. बसेल."

मोठ्या माणसाला 'कळलं नाही' म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. समोरचा एवढा शिकलेला, घसा कोरडा करून सांगतोय, आणि आपण म्हणायचं की तुमचं बोलणं वाया गेलं?

गोळ्यांनी मात्र काम केलं. पाय उतरले. नडग्यांची हाडं दिसायला लागली. सारखं उठून बाहेर जावं लागायचं, त्यावर ते चिडायचे, पण श्वास मोकळा झाला. बिनमिठाच्या कालवणावर रोज वाद.

"खाल्ल्या मिठाला माणूस जागतो म्हणतात," ते ताट पुढं सारून म्हणायचे. "बिनमिठाचं खाऊन मी कुणाला जागू?"

"मला जागा. गुपचूप गिळा," आत्याबाई म्हणायच्या.

आठवड्याला दवाखान्यातली नर्सबाई यायची. पाय दाबायची, गोळ्यांची पाकिटं पाहायची, दोन शब्द बोलायची. ती आली की मामंजी सदरा घालायचे.

मग दवाखान्याकडून एक मुलगी आली. छातीशी फळी, फळीला कागद लावलेले, डोक्यावर ओढणी, चेहरा उन्हानं लाल. एका पायातली चप्पल फरफटत होती. आळीत तिचं नाव आधीच पडलं होतं, मोजणीवाली.

"काय मोजणार?" मामंजींनी विचारलं. "कंबर मोजायची तर ती आता राहिली नाही."

ती हसली. "आजोबा, तुमचा आजार तुम्हाला किती समजलाय, आणि स्वतःची काळजी तुम्ही किती घेता, ते मोजायचं."

"त्याला माप असतं?"

"असतं ना. मी वाचते, तुम्ही उत्तर द्यायचं."

मामंजींनी तिला आधी पाणी दिलं, मग सावलीत बसवलं, मग तिची चप्पल काढून घेतली. पट्टा तुटला होता. ती वाचत होती आणि ते वाखाची बारीक दोरी वळून पट्टा शिवत होते. मी चाक थांबवून पोरीला पाजत बसले होते, ऐकत होते.

"आपल्या आजाराबद्दल मला पुरेशी माहिती आहे. पूर्ण पटतं, थोडं पटतं, की पटत नाही?"

"पटतं. डॉक्टरांनी सगळं सांगितलंय."

"डॉक्टरांना प्रश्न विचारायला मला संकोच वाटत नाही."

"संकोच कसला? देवमाणूस आहे."

"हो, पण विचारता का?" आत्याबाई दारातून म्हणाल्या.

मुलगी म्हणाली, "आजी, त्यांनाच बोलू द्या. मधे कुणी बोललं तर ते उत्तर धरत नाहीत."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. एरवी त्यांना असं गप्प करणारं कुणी जन्माला आलेलं नव्हतं.

"कोणती गोळी कशासाठी, सांगता येईल?"

"पांढरी काळजाची. पिवळी पाण्याची."

"वा! आणि औषध घ्यायला कधी विसरता?"

"ही विसरू देईल तर ना."

असं बराच वेळ चाललं. मुलगी दमली होती. पाहुण्याच्या हो ला हो करावं तसं मामंजी प्रत्येक गोष्टीला 'पटतं' म्हणत गेले. शेवटी तिनं कागदावर बेरीज केली आणि तिचा चेहरा खुलला.

"आजोबा, काय छान गुण आले तुम्हाला! सगळ्या आळीत सगळ्यांत चांगले."

मामंजींचा हात चपलेवर थांबला. "गुण आला?"

"आला म्हणजे! इतका कुणालाच नाही आला अजून."

आत्याबाईंनी आभाळाकडं पाहून हात जोडले. मामंजींनी चप्पल तिच्या पायापुढं ठेवली, म्हणाले, "घाल पोरी. तू सोन्याच्या पावलांनी आलीस." ती चप्पल वाजवत पुढच्या घरी गेली.

आमच्या घरात तेव्हा शाळेत गेलेलं कुणी नव्हतं. भावजी तेवढे गेले होते, आणि ते तर शहरात. औषध लागू पडलं की गुण येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. दवाखान्यातून कागद घेऊन बाई येते, तासभर विचारपूस करते, बेरीज करते आणि सांगते गुण आला, यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? त्या रात्री आत्याबाईंनी कालवणात मीठ घातलं. मामंजींनी दोनदा कालवण मागून घेतलं. बोटं चाटून झाल्यावर म्हणाले, "आता अन्नाची ओळख पटली."

गोळ्या उरल्या होत्या. आत्याबाईंनी त्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या, पुढं कुणाला लागल्या तर. नदी ओलांडल्यावर नाव डोक्यावर घेऊन कोण चालतं?

आठवड्यानं नर्सबाई आमच्या दारावरून गेली, थांबली नाही. मी चाकावरून हाक मारली, "बाई, आमच्याकडं?"

ती चालता चालताच म्हणाली, "तुम्हाला गुण चांगले आलेत. आता ज्यांना कमी आहेत त्यांच्याकडं आधी जायचंय. तुमची काळजी नाही." आणि कोपऱ्यावरच्या धोबिणीच्या घरात शिरली.

"बघ," मामंजी म्हणाले. त्यांनी सदरा आधीच घातला होता. तो काढून खुंटीला लावला आणि कमरेला पुंजका बांधला.

त्यानंतर काम जोरात चाललं. जाड दोराची मागणी होती. त्याला तीन पेड आधी वेगवेगळे वळायचे, मग तिन्ही एकत्र. तीन खाचांचा लाकडी गोळा तीन पेडांच्या मधे धरून चालावं लागतं आणि दोर तो गोळा पुढं ढकलतो. म्हणजे तो ढकलतो आणि माणसानं अडवायचं. सगळा जोर छातीवर येतो. हे म्हणायचे, मी धरतो. पण हे वाखाच्या गाडीबरोबर बाहेर असायचे तेव्हा मामंजी धरायचेच.

पाय पुन्हा सुजले. चपलेचा वळ पायावर उठायला लागला. आडवं पडलं की खोकला यायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसून झोपू लागले. आत्याबाईंनी पाय दाबून पाहिला आणि तो खळगा पाहून म्हणाल्या, "अहो, परत दाखवून येऊ."

"उन्हानं आलंय."

"तसंच आहे, जसं आधी होतं."

"गुण आलेला माणूस मी. परत कुठल्या तोंडानं जाऊ? आळीत सगळ्यांत चांगला म्हणाली. ती पोर खोटी पडेल ना."

"तिला काय कळतंय?"

"कागदावर लिहून गेली आहे. तिला वरचे विचारतील, हे काय लिहिलंस म्हणून. उन्हातान्हात फिरते बिचारी."

आत्याबाई ह्यांच्याकडं पाहायच्या, हे मामंजींकडं, आणि मामंजी वाटेकडं. उठायचे आणि चालू लागायचे. मी चाक इतकं हळू फिरवायची की पीळ सैल बसायचा. ते परत येऊन दोर बोटांत धरायचे, माझ्याकडं बघायचे, पण ओरडायचे नाहीत. ओरडायला दम पुरत नव्हता.

हंगाम सरत आला तेव्हा भावजी भेटीला आले. एकटेच. आईसाठी कपडे वाळत घालायला निळ्या प्लास्टिकची दोरी आणली होती. मामंजींनी ती बोटांत घेतली, उलगडून पाहिली.

"हलकी आहे."

"पाण्यानं कुजत नाही बाबा. वर्षानुवर्षं."

"वळतो कोण?"

"मशीन."

"मागं कोण चालतं?"

"कुणी नाही."

"बरं आहे," मामंजी म्हणाले आणि खोकायला लागले. खोकला थांबेना. ओठ जांभळे झाले होते. भावजींनी तेव्हा कुठं बापाकडं नीट पाहिलं. आधी पाय पाहिले, मग चेहरा.

"दादा, औषध चालू आहे ना बाबांचं?"

"गुण आला होता," हे म्हणाले. "बंद केलं."

"कोण म्हणालं गुण आला?"

आत्याबाईंनी सांगितलं. मोजणीवाली आली, कागद होता, तिनं विचारलं, मामंजींनी सांगितलं, तिनं बेरीज केली, गुण आला म्हणाली. सगळ्या आळीत सगळ्यांत चांगला.

भावजी आधी हसले. मोठ्यानं हसले. "आई, अगं ते गुण म्हणजे मार्क! शाळेत देतात ते. ती बाबांची परीक्षा घेत होती. बाबांना आजार किती समजलाय त्याची. त्यात बाबा पहिले आले!"

कुणीच हसलं नाही, तसे तेही थांबले.

"आणि औषधाचा गुण?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

चाकाच्या आकड्याला अर्धा पेड लटकत होता. तो वाऱ्यानं आपोआप थोडा उलगडला. मामंजी निळी दोरी बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसले होते.

"म्हणजे मी पास झालो," ते म्हणाले.

"झालात बाबा."

"जन्मात पहिल्यांदा परीक्षेला बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना दवाखान्यात नेलं. या खेपेला भावजीही होते, पण मामंजींनी त्यांना व्हरांड्यातच बसवलं. "तू बोलशील," म्हणाले. आत आम्ही दोघी आणि ते.

डॉक्टरांनी नळी लावली आणि त्यांचं तोंड उतरलं. "गोळ्या कधीपासून बंद केल्या?"

मामंजी सदऱ्याची बटणं लावू लागले.

"का बंद केल्या? मी समजावून सांगितलं होतं की नाही?" त्यांनी कागद काढला. "तुमच्या नावापुढं तर सगळं उत्तम लिहिलंय. सगळं समजतं, सगळं पाळता. शिकलेल्या लोकांना नाही पडत एवढे गुण. आणि असं करता? मग मी कुणाला काय सांगायचं?"

खोलीत रांगेतली दोन माणसं आत येऊन उभी होती. त्यांच्या देखत मामंजी शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून उभे राहिले. सुजलेले पाय जुळवून.

आत्याबाईंनी तोंड उघडलं. "अहो डॉक्टर, ती पोरगी आली होती ना, तिनंच..."

मामंजींनी त्यांचं मनगट धरलं. दोर ओढून ओढून त्यांची बोटं लाकडासारखी झालेली. आत्याबाईंना दुखलं असणार.

"माझीच चूक झाली," ते म्हणाले. "जिवावर आलं गोळ्या घेणं. आळस."

आळस! त्या माणसाला आळशी म्हणणारं कुणी मी पाहिलं नव्हतं, आणि ते स्वतःच म्हणाले.

डॉक्टर शांत झाले. परत सगळं सांगितलं. पांढरी, पिवळी, मीठ, काम.

"आता कळलं ना बाबा?"

मामंजींचे ओठ 'कळ'वर आले आणि थांबले. त्यांनी एकदा रांगेतल्या माणसांकडं पाहिलं.

"नाही कळलं," ते म्हणाले. "परत सांगाल का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काय नाही कळलं?"

"किती दिवस घ्यायच्या?"

"कायम."

"कायम म्हणजे गुण येईपर्यंत?"

"नाही बाबा. कायम म्हणजे कायम. जगाल तोवर."

"म्हणजे गुण यायचाच नाही?"

"पूर्ण नाही यायचा. गोळ्यांनी आहे तसं धरून ठेवायचं. सोडलं की उलगडतं."

"हां," मामंजी म्हणाले. "हे कळलं."

आणि खरंच कळलं होतं. घरी येताना गाडीत ते मधेच हाताची मूठ आवळून पाहत होते, जशी पीळ धरताना आवळतात.

गोळ्या सुरू झाल्या, एक नवीन वाढली. सूज थोडी उतरली, पूर्वीसारखी नाही. मधल्या दिवसांनी जे खाल्लं ते परत आलं नाही. मामंजी चाकावर बसले आणि मागं चालायला मी लागले. भावजी परत गेले, पोर आत्याबाईंनी घेतली.

"मान वळवून बघू नकोस," चाकावरून ते सांगायचे, दोन शब्दांमधे श्वास घेत. "वाट पायाला कळते. पोटरीला गवत लागलं की बाजूला सरक."

माझे पहिले दोर गाठीगाठींचे झाले. ते गाठ बोटाखाली घ्यायचे आणि म्हणायचे, "इथं पोर रडली." आणि बहुतेक तसंच असायचं.

दिवस लवकर मावळायला लागले तेव्हा मोजणीवाली पुन्हा आली. सगळ्यांचं पुन्हा मोजायचं होतं. मामंजी खाटेवर उशांना टेकून होते. ती त्यांना पाहून दारातच थबकली.

"आजोबा, बरं नाही?"

"ये. बस. वाच."

तिनं वाचलं. त्यांनी यावेळी घाई केली नाही. प्रत्येक वाक्यावर डोळे मिटून विचार केला.

"डॉक्टरांना प्रश्न विचारायला मला संकोच वाटत नाही."

"वाटतो. एकदा विचारला. तोही चारचौघांत."

"आपल्या आजाराबद्दल मला पुरेशी माहिती आहे."

"नाही. थोडी आहे. जेवढी आहे तेवढीनं झोप येत नाही."

ती लिहायची थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, मागच्या वेळी फार चांगले होते तुमचे. हे फार कमी होतील. मी 'थोडं पटतं' लिहू का?"

"नको. आहे ते लिही."

"कमीच लिही बाई," आत्याबाई दारातून म्हणाल्या. यावेळी त्या गप्प बसणार नव्हत्या. "हवं तर शून्य लिही. कमी असलं की नर्सबाई येते."

मुलीनं आत्याबाईंकडं पाहिलं, मग कागदाकडं. तिला काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. आम्ही कुणी तिला सांगितलं नाही. तिनं बेरीज केली, आकडा मोठ्यानं वाचला नाही, आणि गेली.

पुढच्या आठवड्यापासून नर्सबाई येऊ लागली. पाय दाबायची, पाकिटं पाहायची. मामंजी अंगात सदरा घालायला मला सांगायचे. बाह्या घालताना त्यांचा हात धरावा लागायचा. एकदा त्यांनी तिला विचारलं, पिवळी गोळी सकाळीच का? तिनं नीट सांगितलं. ती गेल्यावर त्यांनी ते आत्याबाईंना सांगितलं, मला सांगितलं, संध्याकाळी हे आल्यावर ह्यांनाही सांगितलं.

मामंजी त्याच वर्षी, थंडी पडायला लागली त्या महिन्यात, एका सकाळी गोळी घेऊन चहाची वाट पाहत असताना गेले.